यादीत नाव नाही? मग ‘चॅलेंज व्होट’ही नाही

निवडणूक लागली की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. 2019 पासून पाहतोय, शब्द तेच. “यादीत नाव नसेल तर आधार किंवा मतदार ओळखपत्र दाखवा आणि कलम 49 अ खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचं मत आधीच कुणी टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा. केंद्रावर 14 टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट झाले तर फेरमतदान होतं.” खाली अर्थातच हात जोडलेले, ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी शाळामास्तर. निवडणुकीची ड्युटी चुकत नाही, आणि या मेसेजचा निस्तार टेबलामागं बसलेल्यालाच करावा लागतो. पुण्याहून रात्रभर एसटीनं आलेला एक पोरगा आधार पुढं करून म्हणाला, “गुरुजी, कार्ड माझंय, फोटो माझाय, मग कामून नाही?” यादीत नावच नव्हतं. त्याला तसंच परत पाठवावं लागलं.

पहिला मुद्दा त्याचाच. मताचा हक्क यादीतल्या नावानं मिळतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चं कलम 62 सांगतं की त्या मतदारसंघाच्या यादीत ज्याचं नाव नाही त्याला तिथं मत देता येत नाही. कार्डाचं काम एवढंच की यादीतलं नाव ज्याचं, तोच समोर उभा आहे हे पटवणं. मतदार ओळखपत्र घरी राहिलं तरी अडत नाही. लोकसभा-विधानसभेला त्याऐवजी 12 कागद चालतात. आपल्याकडच्या उपयोगाचे म्हणजे आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, पॅन, गाडीचं लायसन, फोटोसह पेन्शनचा कागद, दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड. म्हाताऱ्या बाया हटकून रेशनकार्ड आणतात. ते या यादीत नाही. घरी वाटलेली मतदार चिठ्ठीसुद्धा 2019 पासून नुसती चालत नाही, तिच्यासोबत कार्ड लागतं. नावात ‘शिवाजी’चं ‘शीवाजी’ झालं असेल तर घाबरू नका, ओळख पटली की असल्या किरकोळ चुकांवर कुणी अडवत नाही.

आता 49 अ. मुळात ते कलम नाही, 1961 च्या निवडणूक नियमांतला नियम आहे, आणि त्यात लिहिलंय मतदान यंत्राची रचना कशी असावी ते! आक्षेपाचा नियम 49 जे. तो मतदारानं मागायचा नसतोच. उमेदवाराचा प्रतिनिधी 2 रुपये भरून म्हणतो, “हा माणूस तो नव्हे.” केंद्राध्यक्ष तिथल्या तिथं चौकशी करतो. आक्षेप खोटा निघाला तर मत देऊ देतो, खरा निघाला तर रोखतो. म्हणजे चॅलेंज तुमच्या विरुद्ध असतं, आणि आपण तेच आपल्यासाठी मागत टेबलाशी हुज्जत घालतो.

टेंडर व्होटचा भाग मात्र अर्धा खरा आहे. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल आणि तुमची ओळख पटली, तर नियम 49 पी प्रमाणे तुम्हाला मत देता येतं. सरकारी भाषेत ‘प्रदत्त मत’. पण ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर. ती वेगळ्या पाकिटात सीलबंद होते आणि मोजणीच्या दिवशी मोजत नाहीत. ही पाकिटं कामाला येतात ती निवडणूक याचिकेत, म्हणजे निकालाला कोर्टात आव्हान दिलं तर. राजस्थानात नाथद्वाऱ्याला 2008 च्या विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी अवघ्या एका मतानं पडले, तेव्हा हीच प्रदत्त मतं कोर्टात गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. म्हणून हक्क सोडू नका, एवढं खरं.

14 टक्के? असा नियमच नाही. फेरमतदान निवडणूक आयोग लावतो ते यंत्र फोडलं, पळवलं, प्रक्रियेत मोठी चूक झाली किंवा केंद्र बळकावलं, तर.

मला राग येतो तो ऊसतोडीवाल्यांसाठी. 2024 ची विधानसभा 20 नोव्हेंबरला झाली, तेव्हा बीड-धारूरकडची कित्येक बिऱ्हाडं आधीच कारखान्यावर गेलेली. मतदार यादीच्या पडताळणीच्या वेळी घराला कुलूप दिसलं की नावापुढं ‘स्थलांतरित’ लागू शकतं. नुसती तशी नोंद झाली आणि नाव यादीत शाबूत असलं तर मत देता येतं, तपासणी जरा कडक होते एवढंच. पण नाव कमीच झालं असेल तर आधार दाखवून ते त्या दिवशी परत येत नाही. त्यासाठी नमुना 6 भरावा लागतो, आणि उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादीत नवं नाव चढत नाही. मेसेज वाचून निर्धास्त झालेला माणूस ही तारीख बघतच नाही.

बीएलओचा, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचा, नंबर शाळेच्या भिंतीवर नसला तर तलाठ्याला विचारा. आणि टोळी ऊसतोडीला निघायच्या आधी विचारा.