सकाळी साडेआठची हार

तुम्ही खानदेशात राहता. क्रिकेटचा कंटाळा आलाय आणि आयुष्यात एखादं कायमचं दुखणं हवंय, मात्र त्यात औषधपाणी, फाइल, दवाखान्याचे खेटे असलं काही नको. मग बास्केटबॉल बघायला लागा. त्यातही अमेरिकेच्या एनबीएतला सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ धरा आणि सोडू नका. स्वतः घेऊन बघितलंय, गुण येतो.

संघ निवडताना लोक करंडक मोजतात. तुम्ही मालकाचं आडनाव बघा. किंग्जच्या मालकाचं आडनाव रणदिवे. विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा, 2013 मध्ये संघ घेतला. आता आपल्याकडचं आडनाव असलेला माणूस एनबीएचा संघ विकत घेतो आणि आपण लेकर्ससारख्या बड्या संघाच्या मागे धावायचं? गावात मामाचं हॉटेल असताना हायवेवर जाऊन शेवभाजी खाण्यातला प्रकार झाला हा. मी असाच अडकलो. मामाचं हॉटेल असलं की भाजी खारट झाली तरी तोंड उघडता येत नाही, हे ताट पुढ्यात आल्यावर कळतं.

वेळेचंही जुळतं. तिकडे संध्याकाळी सातचा सामना म्हणजे थंडीत आपल्याकडे सकाळचे साडेआठ. जळगावात साडेआठला माणसाला काय काम असतं? नळाला पाणी आलेलं असतं, कुकरची दुसरी शिट्टी झालेली असते, गाडी पुसायची असते आणि नेमक्या त्याच वेळी वायफायचा दिवा लाल होतो. हाफटाइमला घर सोडा. तिसरा क्वार्टर रेल्वे फाटकावर, हेल्मेटच्या आतून, मोबाइलच्या थरथरण्यावर ऐका. चौथ्या क्वार्टरला तुम्ही साहेबांसमोर असाल. तिथे चेहरा पडला तर घरी आजारपण आहे असं सांगा. खोटंही नाही ते.

आमचे वडील अमळनेरकडचे, कापूसवाले. ते रोज एकच विचारतात, ‘काय व्हयनं भाऊ, जिकनात का?’ मी मान हलवतो. ‘मंग कसाले देखस?’ या प्रश्नावर सहा वर्षं मी उत्तर शोधतोय. मध्यंतरी एक सापडलं, पण ते त्यांच्यावरच उलटणारं होतं म्हणून गिळलं.

सांगतो. नुसतं हरणाऱ्या संघाने माणूस मरत नाही, त्याची सवय होते. किंग्ज 2006 नंतर सलग सोळा हंगाम प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेले नाहीत. एनबीएच्या इतिहासात एवढा मोठा दुष्काळ कुणाचाच नाही. त्यांचं एकमेव विजेतेपद 1951 चं, तेही संघ रॉचेस्टरला होता आणि नाव रॉयल्स होतं तेव्हाचं. इतकं सगळं पचतं. घात करतो तो मधला एक चांगला पाऊस. 2022-23 मध्ये किंग्ज 48 सामने जिंकले, पश्चिम विभागात तिसरे आले. प्रत्येक विजयानंतर त्यांच्या स्टेडियमच्या छपरावरून जांभळा लेझर झोत आकाशात सोडायचे. शेवटी पहिल्याच फेरीत, सातव्या सामन्यात, वॉरियर्सच्या स्टेफ करीने एकट्याने 50 गुण ठोकले आणि घरी पाठवलं. पण आपण झोत बघितला होता ना! झालं, मग. 2021-22 ला कापूस दहा हजारांच्या वर गेला आणि पुढल्या वर्षी अख्ख्या खानदेशाने ओसरीत, माडीवर, पलंगाखाली कापूस भरून ठेवला. भाव आला नाही. घरभर लोक अंग खाजवत बसले. आमच्याकडे पाहुण्यांना झोपायला जागा नव्हती. वडिलांना ‘तुम्ही कसाले ठेवला?’ असं विचारायची सोय नाही, म्हणून तेही मला फार खोदून विचारत नाहीत.

तेव्हा पहिला नियम, आशा एकदम सोडायची नाही. थोडी पलंगाखाली ठेवायची. खाज सुटली पाहिजे.

जर्सी जरूर घ्या, आणि नाव छापूनच घ्या. आवडता खेळाडू संघातून घालवण्याचा याहून स्वस्त तोडगा नाही. माझी पहिली जर्सी बॅगलीची. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने उचलतात तिथे, किंग्जना दुसरा नंबर मिळाला होता आणि लुका डॉन्चिच तेव्हा शिल्लक होता. त्यांनी मार्विन बॅगली उचलला. मीही उचलला, मार्केटात, साडेतीनशे रुपयांत, नंबर पस्तीस. डॉन्चिच पुढे केवढा मोठा खेळाडू झाला ते बास्केटबॉल न बघणाऱ्यालाही माहीत आहे. बॅगली 2022 च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटला गेला. ती जर्सी आता आमचं लोखंडी कपाट पुसते. ‘कापड चांगलं निघालं रे,’ असं आई अधूनमधून म्हणते, आणि बॅगलीबद्दल आमच्या घरात निघालेला हा एकमेव चांगला शब्द आहे.

दुसरी डी’अ‍ॅरन फॉक्सची, नंबर पाच. फॉक्स आपला माणूस, तो कुठे जातोय? 2025 च्या फेब्रुवारीत सॅन अँटोनिओला गेला. मी जर्सी घेऊन छपाईवाल्याकडे गेलो, म्हटलं नाव काढून दे. त्याने वर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली, अक्षरं नखाने सोलली. पहिली दोन निघाली. तिसऱ्याचा डिंक कापडात मुरला होता. इंग्रजी स्पेलिंगमधलं ते शेवटचं अक्षर म्हणजे फुली. आता मी ती घातली की पाठीवर कुणी तरी पेपर तपासून फुली मारल्यासारखं दिसतं.

तिसरी डोमांटास सबोनिसची, दहा नंबर. इथे मी हुशारी केली होती, कारण सबोनिस टिकेल असा अंदाज होता. टिकला! पण 2024 मध्ये डेमार डीरोझन आला, दहा नंबर त्याला गेला आणि सबोनिसने अकरा घेतला. खेळाडू शाबूत, जर्सी बाद. छपाईवाला म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही आता कोरीच घेत जा.’

प्रत्यक्ष सामना बघण्याचा योग आला तर तोही सोडू नका. ऑक्टोबर 2019 मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीला दोन सराव सामने खेळले. एनबीएचे भारतातले पहिलेच. पहिला मुख्यतः शाळेच्या मुलांसाठी होता. तो किंग्ज ओव्हरटाइममध्ये 132-131 असा एका गुणाने हरले. दुसऱ्यासाठी मी जळगावहून रात्रीची गाडी पकडली, डब्यात भरीत-पुरी, पिशवीत बॅगली. तो 130-106 ने हरले. एका गुणाने आणि चोवीस गुणांनी, अशा हारण्याच्या दोन्ही चवी मालकाने माहेरच्यांना लागोपाठ चाखवल्या. त्या दिवशी समोर इंडियानाकडून सबोनिस खेळत होता. अडीच वर्षांनी त्याला आणण्यासाठी आपण टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला देऊन टाकला. त्या हॅलिबर्टनने 2025 मध्ये इंडियानाला थेट अंतिम फेरीत नेलं. सबोनिस वाईट नाही, रिबाउंड, म्हणजे हुकलेले चेंडू, गोळा करण्यात फार थोडे त्याच्या तोडीचे. पण ज्याने वरळीत येऊन मारलं त्यालाच घरचा बैल सोडून द्यायचा, याला मोठं मन लागतं.

आता आज कोण खेळणार हे ओळखायला शिका. संघ रोज दुखापतींची यादी देतो आणि त्यात काही शब्द असतात. आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण देताना मिळणाऱ्या उत्तरांशी ते ताडून बघा, चटकन कळतील. ‘प्रॉबेबल’ म्हणजे ‘निघालोच भाऊ, पाच मिनिटांत’. म्हणजे माणूस अजून आंघोळीला गेलेला नाही, पण येईल. ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे ‘बघतो, पोरांच्या परीक्षा आहेत’. ‘डाउटफुल’ म्हणजे ‘आमच्याकडून आहेर पोहोचता होईल’. आणि ‘आउट’ हा एकच प्रामाणिक शब्द. याशिवाय एक प्रकार आहे, लोड मॅनेजमेंट. खेळाडू ठणठणीत असतो, पण दमू नये म्हणून त्याला बसवतात. महाराष्ट्रात याला भारनियमन म्हणतात आणि आपण ते अनेक उन्हाळे काढलंय. फरक एवढाच की महावितरण वेळापत्रक तरी देत असे.

प्रशिक्षकांची नावं पाठ करू नका, वही खराब होते. 2013 पासून 2025 पर्यंत रणदिव्यांच्या काळात आठ झाले. मेलोन, कॉर्बिन, कार्ल, जोर्गर, वॉल्टन, जेंट्री, ब्राउन, क्रिस्टी. हे प्रकरण बोअरवेलसारखं आहे. पाणाड्या नारळ हातावर धरून जागा दाखवतो, आपण गाडी बोलावतो, दोनशे फुटांवर नुसता फुफाटा उडतो, आणि आपल्याला वाटतं, बांधाच्या पलीकडे बघावं. माइक मेलोनला डिसेंबर 2014 मध्ये काढला, तेव्हा संघ 11 जिंकून 13 हरला होता आणि मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स आजारी पडलेला होता. मेलोन पुढे डेन्व्हरला गेला. त्यांनी तिथे गाडी हलवली नाही, मारत राहिले, आणि 2023 मध्ये असं पाणी लागलं की विजेतेपदच आलं. माइक ब्राउन 2023 चा सर्वोत्तम प्रशिक्षक, तेही एकमताने. 2024 च्या उन्हाळ्यात त्याचा करार वाढवला, डिसेंबरमध्ये त्याला नारळ दिला. पाणाड्याचाच असावा.

खरं सांगायचं तर रणदिव्यांनी हा संघ सिअ‍ॅटलला जाण्यापासून वाचवला, नवं स्टेडियम उभं केलं, हे विसरू नये. मामाने हॉटेल बंद पडू दिलं नाही. भाजी मात्र दर महिन्याला नव्या आचाऱ्याची.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, हरले तर निदान ड्राफ्टमध्ये चांगला पोरगा मिळेल. इथेच नवखा चाहता फसतो. तळाला जाण्यालाही शिस्त लागते, आणि किंग्ज तेव्हा धड तळालाही गेले नाहीत. 2024-25 मध्ये 40 जिंकले, 42 हरले, पश्चिमेत नववे. प्ले-इनचा, म्हणजे प्लेऑफच्या दारातला, सामना घरच्या मैदानावर डॅलसशी होता. मी अर्धा दिवस रजा टाकली, कारण नोंदवलं ‘घरगुती’. 120-106 ने हरले. त्या डॅलसला पुढे ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत अवघ्या 1.8 टक्के शक्यतेवर पहिला नंबर लागला, कूपर फ्लॅग मिळाला. आपल्या पहिल्या फेरीच्या निवडीचं काय? ती आपण अटलांटाला देणं लागत होतो. अट अशी, की नंबर पहिल्या बारात आला तर आपल्याकडे राहील.

नंबर आला तेरावा.

आणि देणं कशाचं होतं? 2022 मध्ये अटलांटाकडून आणलेल्या केव्हिन हर्टरचं. तो हर्टर तोवर फॉक्सच्याच सौद्यात शिकागोला रवाना झालेला. ट्रॅक्टर विकून चार महिने झालेत आणि बँकेचा माणूस हप्त्याला दारात उभा. आमच्या आळीत अशी दोन घरं आहेत, त्यांना मी हा करार समजावून सांगितला तर त्यांना एका मिनिटात कळला. शहरातल्या बास्केटबॉलवाल्या मित्राला अर्धा तास लागला.

त्या उन्हाळ्यात व्यवस्थापकही बदलला. नव्या व्यवस्थापकाने डेनिस श्रोडर आणला, ऑक्टोबरात रसेल वेस्टब्रूक आणला. डीरोझन होता, झॅक लव्हीन होता. नावं वाचून छाती फुगते. 2017 साली हेच सगळे एकत्र असते तर काय बहार आली असती! वेस्टब्रूक त्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, होता. शिळ्या कळण्याच्या भाकरीला ठेच्याबरोबर चव येते म्हणतात, पण ठेचा तरी ताजा लागतो. लेकर्सवाला मित्र हसला तर त्याला शांतपणे सांगा, ‘आम्ही अनुभव जमा करतोय.’ पुढे काही बोलू नका. फेब्रुवारीत खेळाडूंच्या अदलाबदलीच्या व्यवहारांची मुदत संपते ती आपल्याकडे रात्री दीडला. त्या रात्री जागे राहा, भरताची वांगी भाजायला घ्या, दर दहा मिनिटांनी मोबाइल बघा. कोण गेलं, कोण आलं, कोण जाता जाता राहिलं. सकाळी भरीत मिळतंच.

शेवटची खरेदी म्हणजे झोत. लेझर परवडत नाही, म्हणून 2022 च्या दिवाळीत मी जांभळ्या दिव्यांची माळ घेतली, वीस फुटी, आणि गॅलरीच्या कठड्याला बांधली. किंग्ज जिंकले की लावायची, एरवी नाही. पहिल्या हंगामात खालचे लोक विचारायचे, घरी काही कार्य आहे का. पुढे विचारायचे थांबले. गेल्या तुळशीच्या लग्नाला शेजारच्या काकू आल्या.

‘ती जांभळी माळ दोन दिवस देतोस का रे? आमची अर्धी गेली.’

मी सोडून दिली. काकूंनी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली, प्लग बघितला.

‘नवीकोरी दिसते की! कधी घेतली?’

‘तीन वर्षं झाली.’

‘बघ, नीट वापरली की वस्तू टिकते,’ असं म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. लग्न लागलं, आठवडा झाला, माळ त्यांच्याकडेच आहे. मागायला जाईन म्हणतो. अजून तशी वेळ आलेली नाही.