आधी स्लॅबला चुना मारा, मग एसीचं बोलू

आज लेकीच्या शाळेत पालकसभा होती. एप्रिलमध्ये, दुपारी बारा वाजता, तिसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या वर्गात. चाळीस मिनिटं बसलो आम्ही तिथे. पंखा वरची सगळी आग गोळा करून डोक्यावर ओतत होता. बाकाच्या लोखंडाला हात लागला तर पटकन मागे घ्यावा लागत होता. माझी पोरगी ह्याच वर्गात रोज बसते. सकाळची शाळा आहे हो, मान्य, पण साडेदहापासूनच वर्ग तापतो. मागच्या आठवड्यात तिचा घोळणा फुटला तर शाळेतून फोन आला, पाणी जास्त पाजत जा म्हणून. पाणी पाजत जा!

आणि सभेत सांगितलं काय, तर पुढच्या सेशनपासून सगळ्या वर्गांना एसी, म्हणून फी वाढेल. पालकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच फिरलं.

मी डिप्लोमा सिव्हिल, पंधरा वर्षं साइटवर काढली, त्यामुळे मला ती बिल्डिंग बघून राहवत नाही. समोरचा सगळा काचेचा दर्शनी भाग पश्चिमेला, का तर रोडवरून छान दिसतो. नागपुरात पश्चिमेला काच! छज्जा नाही, व्हरांडा नाही, आणि स्लायडिंग खिडक्या, म्हणजे कितीही सरकवा, अर्धीच उघडते. वर रोशनदान नाही, मग छताशी साचलेली गरम हवा जाणार कुठून? संध्याकाळी शिपाई सगळं बंद करून कुलूप लावतो, रात्रभर स्लॅब आत उष्णता सोडत राहतो, आणि सकाळी पोट्टे त्या भट्टीत जाऊन बसतात.

आता माझ्या आईची गोष्ट सांगते. ती काटोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. दोन खोल्या, वर साधा स्लॅब. एका वर्षी होळी झाल्यावर तिने स्वतःच्या पैशाने चुना आणला आणि गावातल्या दोन माणसांना घेऊन गच्चीवर मारायला लागली. एक खोली झाली आणि चुना संपला. पगार व्हायचा होता, म्हणून दुसरी तशीच राहिली. आठ दिवसांत बिनचुन्याच्या खोलीतली सगळी पोरं पाटीदप्तर उचलून चुना मारलेल्या खोलीत येऊन बसायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. आई म्हणायची, एका खोलीत बावन्न पोरं आणि दुसरीत मी आणि फळा.

एवढंच मला आज उभं राहून सांगायचं होतं, पण तिथे सगळे एसी दीड टनाचा की दोन टनाचा ह्यावर बोलून राहिले होते.

आपल्याकडे 26 मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे उन्हाळ्यात खरा मार छतावर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर. दक्षिणेच्या भिंतीला मेमध्ये फारसं काहीच लागत नाही. म्हणून शाळा लांबीने पूर्व-पश्चिम ठेवायची, खिडक्या उत्तर-दक्षिणेला, दक्षिणेला छज्जा. मेमधलं वरचं ऊन छज्जा अडवतो आणि डिसेंबरमधलं तिरपं ऊन आत येऊ देतो. पश्चिमेला जिना, संडास, स्टोअर टाका, बाहेर कडुलिंब लावा. हे पहिल्या कागदावर ठरवलं तर एक रुपया जास्त लागत नाही. भिंतीसुद्धा विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवून बांधता येतात, आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात वर्षानुवर्षं तेच केलं. विटा कमी लागतात आणि ऊनही उशिरा आत येतं.

आणि हे गरिबाचं काम समजू नका. जैसलमेरजवळ कनोई गावात थेट वाळवंटात मुलींची शाळा आहे, राजकुमारी रत्नावती नावाची, 2021 मध्ये सुरू झाली. तिथला पिवळा दगड, मधे अंगण, जाळीच्या भिंती, वर सोलर पॅनलचं छत आणि त्याचीच खाली सावली, एसी नाही. आफ्रिकेत बुर्किना फासोतल्या गांदो गावात आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांनी 2001 मध्ये गावकऱ्यांना घेऊन मातीच्या विटांची शाळा बांधली. वर टिनच आहे, पण वर्गाचं छत विटांचं, त्याला भोकं, आणि टिन त्याच्यावर बरंच उंच उचललेलं. मधून वारा जातो, वर्गातली गरम हवा भोकांतून वर निघून जाते. ह्याच माणसाला 2022 मध्ये प्रिट्झकर मिळालं, म्हणजे आर्किटेक्टचं नोबेलच. आपण टिन सरळ पोरांच्या डोक्यावर ठोकतो आणि म्हणतो टिन तापतं.

हो, 46 डिग्रीत चुना मारून महाबळेश्वर होत नाही, मला माहीत आहे. पावसात धुपतो, धूळ बसते, दरवर्षी मारावा लागतो. मारा ना मग! दिवाळीला घर रंगवता की नाही?

आणि एसीची वीज कुठून येते, कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आपल्याला दिसतात. ती गरम हवा बाहेर फेकणार कुठे, तर जिथे पोरं खेळतात त्या मैदानावर. तापलेला स्लॅब तसाच ठेवून खाली एसी लावायचा म्हणजे चुलीवर बर्फाची लादी ठेवून गॅस चालूच ठेवायचा. कोरड्या उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरच उत्तम चालतो, वाळ्याच्या ताट्यांवर आपण मोठे झालो.

चिडले होते लिहायला बसले तेव्हा, आता जरा शांत झाले. मुख्याध्यापक सर तसे भले आहेत, त्यांनी काही ही बिल्डिंग बांधली नाही. निघताना त्यांना म्हटलं, सर, सामान माझं, माणसं माझी, मला फक्त एक रविवार गच्चीची चावी द्या. मॅनेजमेंटला विचारतो म्हणाले. 'नाही' म्हणाले नाहीत.

रात्री आईला फोन केला, प्रमाण विचारायला. आता तिला ऐकू कमी येतं, तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग म्हणाली, चुना आदल्या रात्री भिजव, उकळी फुटते त्याला, डोळे सांभाळ, डिंक घाल नाहीतर पायाला लागून निघतो. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, दोन पोती जास्तच आण बाई, कमी पडू देऊ नको.