स्टोअरवाला बदलला, बुश तसाच

आमच्या भोसरीच्या कारखान्यात रोज सकाळी साडेनऊला शॉर्टेज मीटिंग. दोन वर्षं तिथे एकच रबर बुश (जोडात बसणारं छोटं रबरी कडं) गाजत होता. किंमत जेमतेम ४ रुपये. महिनाअखेरीला त्याच्यावाचून लाइन थांबायची आणि १० तारखेला तेच बुश गोण्यांनी येऊन पडायचे, जिन्याखालीसुद्धा जागा नाही. पर्चेस म्हणे सप्लायर लबाड, सप्लायर म्हणे तुमचं शेड्यूल रोज बदलतं. खापर फुटायचं स्टोअरवर. दोन स्टोअर इन्चार्ज बदलले. दुसऱ्याला काढताना मान डोलावणाऱ्यांत मीही होतो.

मग एका ट्रेनिंगमध्ये 'बिअर गेम' खेळलो. (नाव ऐकून सगळे वेळेवर आले, हाती आले प्लास्टिकचे बिल्ले.) अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातला जुना खेळ. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. चिठ्ठी पोचायला दोन आठवडे, माल यायला दोन. मी कारखाना. ऑर्डरी चढत चढत ४० वर गेल्या आणि मग एकदम शून्य. गिऱ्हाईक वेडं झालंय, याबद्दल मला शंकाच नव्हती. शेवटी कळलं, गिऱ्हाइकाने पाचव्या आठवड्यात ४ पेट्यांच्या ८ केल्या होत्या. एकदाच, आणि पुढे ८च. बाकी सगळा धिंगाणा आम्हा चौघांचा.

एमआयटीचेच प्राध्यापक जे फॉरेस्टर यांना जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यांत हेच दिसलं होतं. कधी तीन पाळ्या, तर काही वर्षांनी निम्मी माणसं घरी. सगळे बाजाराला बोल लावत होते. त्यांनी वहीवर आकडेमोड करून दाखवलं की मागणी स्थिर असली तरी नुसत्या नोकरभरतीच्या आणि साठ्याच्या नियमांनी असे हेलकावे येतात.

परत येऊन मी बुशचं रजिस्टर उघडलं. माल यायला १८ दिवस लागत, आणि आम्ही दर सोमवारी रॅक बघून तूट मागवायचो. म्हणजे पहिली ऑर्डर वाटेत असतानाच तीच तूट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एक्सेलमध्ये 'वाटेतला माल' असा एक रकाना वाढवला. जिना मोकळा झाला. काढलेल्या माणसाला मात्र अजून फोन करायचं धाडस झालेलं नाही.

लाइन अधूनमधून अजूनही थांबते. सेल्सचा इन्सेंटिव्ह महिनाअखेरीला मोजतात, त्यामुळे निम्म्या ऑर्डरी शेवटच्या पाच दिवसांत येऊन आदळतात. ही मोजणी दर आठवड्याला करा, असा मेल मी टाकला. एका ओळीचं उत्तर आलं: "तुम्ही स्टोअरचं बघा."