नव्याचे पन्नास दिवस

उपवास करणे सोपे असते आणि उत्सव टिकवणे अवघड असते, हे माझे मत न्यू जर्सीतल्या एका लहानशा एपिस्कोपल चर्चचा सभासद झाल्यापासून दरवर्षी अधिकच पक्के होत चालले आहे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, म्हणजे लेंट, हा संयमाचा काळ मानला जातो. पण संयमाला फारसे मनुष्यबळ लागत नाही. चहातली साखर सोडली, वेदीवरची फुले बंद केली, 'हालेलूया' हा शब्द उपासनेतून वगळला, की चाळीस दिवस आपोआप पार पडतात. खरी कसोटी ईस्टरपासून सुरू होते, कारण चर्चच्या पंचांगानुसार ईस्टर हा एक दिवसाचा सण नसून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, चालणारा पन्नास दिवसांचा काळ आहे. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे त्या नवाचे पन्नास केलेले आहेत आणि हे सगळे दिवस आनंदाचे असले पाहिजेत असा दंडक आहे. आनंदाला मात्र पाणी घालावे लागते, इस्त्री करावी लागते आणि त्याचे गालिच्यावर पडलेले मेण खरवडून काढावे लागते.

मुळात हा नगरकडचा माणूस तिथे पोहोचला कसा, असा प्रश्न वाचकांना पडला असेल, तर त्याचे उत्तर थोडक्यात देतो. आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म आला तो अमेरिकन मराठी मिशनच्या, अहमदनगरात 1831 साली सुरू झालेल्या कामाच्या वाटेने. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात आमचीही मंडळी सामील झाली. हे चर्च आणि अमेरिकेतले एपिस्कोपल चर्च, दोन्ही जागतिक अँग्लिकन परिवारातली, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या गोतावळ्यातली. त्यामुळे पाळकसाहेबांचे पत्र दाखवताच इथल्या लोकांनी मला घरचाच मानले आणि घरच्या माणसाच्या वाट्याला जे येते ते माझ्याही वाट्याला आले. पाहुण्याला कॉफी मिळते. घरच्याला कपबशा विसळाव्या लागतात.

माझी नेमणूक ऑल्टर गिल्डमध्ये झाली. वेदीवरची वस्त्रे धुणे, ती सुरकुती न पडू देता इस्त्री करणे, पितळ घासणे, प्रभुभोजनाची पात्रे मांडणे आणि उपासना संपल्यावर ती पुन्हा जागच्या जागी ठेवणे हे या गिल्डचे काम. गिल्डच्या प्रमुख ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई आहेत. त्यांचा आवाज मऊ आहे, पण त्यांच्या 'तुम्हाला जमेल ना?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर दिलेला माणूस मी अद्याप पाहिलेला नाही. रेक्टरबाई, म्हणजे आमच्या मुख्य धर्मगुरू, या चर्चचा कारभार पाहतात, व्हेस्ट्री नावाचे निवडलेले मंडळ हिशेब पाहते, आणि या दोघांनी काय करायचे ते आजीबाई पाहतात.

ईस्टरचा आरंभ शनिवारी अंधार पडल्यावर होतो. अंगणात नवा अग्नी पेटवायचा, त्यावरून माणसाच्या छातीएवढी उंच पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती प्रज्वलित करायची आणि तिच्यामागून सगळ्यांनी काळोख्या चर्चमध्ये शिरायचे, असा हा फार सुंदर विधी आहे. एप्रिलमधला वारा मात्र विधी जाणत नाही. इमारतीची जबाबदारी असलेले ज्युनिअर वॉर्डन वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडे घेऊन उभे असतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुनरुत्थानापेक्षा विम्याचा विचार अधिक स्पष्ट दिसतो. त्यानंतर जुन्या करारातली वाचने होतात. 1979 च्या प्रार्थनापुस्तकात अशी नऊ वाचने दिलेली असून त्यांपैकी निदान दोन वाचावीत आणि तांबड्या समुद्राचे कधीही गाळू नये, एवढीच अट आहे. बहुतेक ठिकाणी तीन-चारांवर भागवतात. आमच्या रेक्टरबाई सगळी घेतात. जगाच्या उत्पत्तीपासून निघालेली मंडळी जलप्रलय ओलांडून यहेज्केलाच्या सुक्या हाडांपर्यंत पोहोचते, तोवर आमच्या हाडांचीही तीच अवस्था झालेली असते. मग एकदम दिवे लागतात, ऑर्गन गर्जतो आणि घरून आणलेल्या घंटा सगळे मिळून वाजवतात. मी आजोळची बैलाच्या गळ्यातली घंटा नेतो. ती इतकी खणखणीत वाजते की पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी हल्ली जागाच बदलली आहे.

या सोहळ्यात प्रत्येकाच्या हाती कागदाची टोपी घातलेली एक बारीक मेणबत्ती असते. टोपीने मेण अडवावे अशी कल्पना आहे. ते अडत नाही. रविवारी दुपारी, सगळे गाव मेजवानीला बसलेले असताना, आम्ही तिघे-चौघे तपकिरी कागद आणि कोमट इस्त्री घेऊन गालिच्यावर रांगत असतो: कागद ठेवायचा, वरून इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरले की कागद सरकवायचा.

परंतु मेण हे क्षुल्लक प्रकरण आहे. मुख्य प्रकरण लिलीचे.

ईस्टरला वेदीभोवती पांढऱ्या लिलींच्या कुंड्या रचतात. प्रत्येक कुंडी कोणाच्या तरी स्मरणार्थ दिलेली असते आणि त्या स्मृतींची यादी पत्रिकेत छापतात. त्या यादीत कोणाच्या पणजीच्या नावातले एखादे अक्षर गळले, तर पुढचा ईस्टर येईपर्यंत ते विसरले जात नाही. ही लिली मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची. अमेरिकेत तिचे कंद कॅलिफोर्निया आणि ऑरेगन यांच्या सीमेवरच्या किनारपट्टीत पिकवतात आणि मग ठिकठिकाणच्या काचघरांत ते वाढवून बरोबर ईस्टरच्या आठवड्यात फुलवतात. ईस्टरची तारीख स्थिर असती तर हे सोपे होते. पण 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा हिशेब असल्यामुळे सण 22 मार्चपासून 25 एप्रिलपर्यंत कुठेही पडतो. चंद्राच्या मर्जीने चालणारा सण आणि तापमानाच्या मर्जीने चालणारे फूल यांची गाठ घालणारे माळी मला धर्मशास्त्र्यांपेक्षा थोर वाटतात. एका दिवसासाठी ते सगळे जुळवून आणतात. उरलेले एकोणपन्नास दिवस आमच्यावर सोडून देतात.

लिलीच्या प्रत्येक उमलत्या फुलात सहा पुंकेसर असतात आणि त्यांच्या टोकाला हळदीसारखे पिवळेधमक परागकण. हे कण वेदीच्या पांढऱ्या वस्त्रावर पडले की डाग बसलाच म्हणून समजावे. म्हणून फूल उमलताच कात्रीने ती टोके खुडून टाकावी लागतात. एवढे करूनही कण सांडलाच, तर ओल्या फडक्याने पुसायला धावू नये. पाणी लागले की तो कायमचा मुरतो. चिकटपट्टीचा तुकडा अलगद टेकवून तो उचलावा. हे ज्ञान आजीबाईंनी मला ज्या गांभीर्याने दिले, त्या गांभीर्याने मला बाप्तिस्म्याचा अर्थही कोणी समजावून दिलेला नाही. शिवाय कुंड्यांना सोनेरी कागद गुंडाळलेला असतो. त्यात पाणी साचले तर मुळे कुजतात. कागदाला भोक पाडावे, तर पाणी गालिच्यावर येते. मुळे वाचवावीत की गालिचा, या प्रश्नावर गिल्डमध्ये दोन पक्ष आहेत आणि त्यांच्यात समेट होण्याची चिन्हे नाहीत.

तिसऱ्या रविवारपर्यंत पाकळ्या तपकिरी पडू लागतात. आजीबाईंचे म्हणणे असे की ईस्टर संपलेला नाही, तेव्हा लिली हलवता येणार नाहीत. मग ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा वृद्ध सभासदांकडे त्या पोहोचवाव्यात असा तोडगा निघतो आणि मोटार असलेला माणूस म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळतात. दार उघडल्यावर 'प्रभू उठला आहे' असे म्हणण्याआधी 'मांजर आहे का?' असे विचारावे लागते, कारण ही लिली मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असते. आमच्या चर्चमधल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांत मांजर नसलेले घर सापडणे दुर्मीळ. परिणामी माझ्या मोटारीच्या मागच्या सीटवर मान टाकलेल्या लिलींचा ताफा आठवडाभर गावभर हिंडत असतो आणि शिंका येऊन येऊन माझ्या नाकी नऊ येतात.

दरम्यान चर्च ओस पडलेले असते. ईस्टरला उभे राहायला जागा नसते आणि पुढच्याच रविवारी बाके मोजून घ्यावीत इतकी मोकळी. रेक्टरबाईही, पवित्र सप्ताहात अक्षरशः घसा बसेपर्यंत राबलेल्या असल्यामुळे, हक्काच्या रजेवर जातात. त्या रविवारी दरवर्षी न चुकता थोमाचीच, म्हणजे येशू पुन्हा उठला यावर आधी विश्वास न ठेवणाऱ्या शिष्याची, गोष्ट वाचली जाते. योगायोग असा की थोमा पहिल्या रविवारी गैरहजर होता आणि आमची मंडळी दुसऱ्या रविवारी असते. बदली आलेले निवृत्त धर्मगुरू संशयावर प्रवचन देतात, आणि कॉफीच्या वेळी सगळे माझ्याभोवती जमतात, कारण थोमा पहिल्या शतकात केरळच्या किनाऱ्यावर उतरला अशी तिथल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे आणि ही वार्ता प्रवचनात येऊन गेलेली असते. थोमा माझा चुलत आजोबा असल्याच्या थाटात ते त्याची चौकशी करतात. केरळ आणि नगर यांच्यातले अंतर, सहा यार्डांच्या त्या सभागृहात, शिळी कुकी हातात धरून समजावून सांगणे कठीण असते. शेवटी मी एवढेच सांगतो की आमच्याकडे आलेले प्रेषित बॉस्टनच्या एका संस्थेने पाठवले होते. यावर बॉस्टनला जन्मलेल्या आजीबाई म्हणाल्या, "म्हणजे तक्रार असेल तर ती माझ्याकडेच करायची!"

गुडघे न टेकण्याचा आणखी एक नियम आहे. 325 साली निकियाच्या परिषदेने ठरवून दिले की रविवारी आणि ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत प्रार्थना उभ्यानेच करावी. सगळीकडे तो पाळत नाहीत, रेक्टरबाई पाळतात. लेंटमध्ये गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणारी मंडळी आता पाय दुखतात म्हणून कुरकुरते. माझ्या मते निकियाला जमलेल्या बिशपांचे सरासरी वय आमच्या सभासदांपेक्षा कमी असावे.

चाळिसाव्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण येतो आणि तो गुरुवारी येतो, हाच त्याचा दोष. कामाच्या दिवशी संध्याकाळी जेमतेम डझनभर माणसे जमतात. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या दिवशी शुभवर्तमान वाचून झाले की पास्काची मेणबत्ती विझवत. आता ती पेंटेकॉस्टपर्यंत जळत ठेवतात. आजीबाईंना हा बदल अजून मान्य नाही. त्या बोलत काही नाहीत. फक्त मेणबत्ती विझवण्याचा लांब दांडा त्या संध्याकाळी नेमका रेक्टरबाईंच्या खुर्चीला टेकवून ठेवतात.

अखेर पेंटेकॉस्ट उजाडतो. पवित्र आत्म्याच्या ज्वाळांची खूण म्हणून सगळ्यांनी लाल कपडे घालायचे असतात. माझ्याकडे लाल म्हणावा असा एकच झब्बा आहे, तो लग्नातला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातली गोष्ट अशी की शिष्य अचानक निरनिराळ्या भाषांत बोलू लागले आणि परदेशातून आलेल्या प्रत्येकाला आपापली बोली ऐकू आली. आमच्याकडे ती गोष्ट वाचत नाहीत, करून दाखवतात. सात-आठ जण एकाच वेळी आपापल्या भाषेत तोच उतारा वाचतात: एक जण स्पॅनिश, एक बाई इग्बो, ऑर्गनवादक शाळेत शिकलेले फ्रेंच, एक निवृत्त दंतवैद्य लॅटिन, आणि मी मराठी. कोणालाच कोणाचे ऐकू येत नसल्यामुळे जो तो आवाज चढवत जातो. मीही जन्मात कधी काढला नव्हता असा आवाज काढतो. ऐकणारे म्हणू लागले की हे लोक प्यालेले आहेत, तेव्हा पेत्र या शिष्याने उत्तर दिले की अजून सकाळचे नऊच वाजले आहेत. आमची उपासना दहाला असते, त्यामुळे हा बचाव आम्हाला लागू पडत नाही.

उपासना संपली, शेवटचा दुहेरी हालेलूया म्हणून झाला, मोठी मेणबत्ती बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी तिच्या नेहमीच्या जागी गेली. पन्नास दिवस वेदीवर असलेली पांढरी वस्त्रे आम्ही आदल्या दिवशीच उतरवून लाल घातली होती, आणि ती पांढरी धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून वर्षभरासाठी सर्वांत खालच्या खणात ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. मी बाह्या सरसावून खणापाशी बसलो, तेवढ्यात आजीबाई आल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "ती तशीच वर राहू द्या. पुढच्या रविवारी त्रैक्याचा सण आहे, त्याला पुन्हा पांढरीच लागतील. आणि त्याच्या पुढच्या रविवारी हिरवी. तुम्हाला जमेल ना?"