अप्पांना ऐकू येतं, पण कळत नाही

मे महिन्यात नात्यातलं लग्न होतं, जुळे सोलापुरातल्या एका कार्यालयात. अक्षता पडल्या, बँड सुरूच, पंगतीत भांड्यांचा खणखणाट. समोरच्या काकांनी माझ्या वडिलांना विचारलं, "काय अप्पा, सून काय म्हणते?" अप्पा म्हणाले, "काय सांगायचं, जीव नकोसा केलाय हो!"

पंगत खो-खो हसली. वाढायला उभी असलेली वहिनी तशीच आत निघून गेली. अप्पांनी ऐकलं होतं "ऊन काय म्हणतंय". सोलापूरचा मे, त्यांनी सरळ उत्तर दिलं. लोक आपल्याला हसतायत हे त्यांना दिसलं, का ते कळलं नाही. त्यानंतर ते कुठल्याच लग्नाला आले नाहीत. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेलाही नाही. त्या यात्रेतल्या संमती कट्ट्यावरच्या अक्षता त्यांनी आजवर कधी चुकवल्या नव्हत्या.

आमच्या घरातही "अप्पांना सोयीचं तेवढं ऐकू येतं" असं सर्रास म्हटलं जायचं. मीही म्हणायचे. दुपारी ओट्यावर दोघंच असलो की ते सगळं नीट ऐकतात, मग संध्याकाळी चार माणसांत काय होतं? शेवटी त्यांना ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे नेलं. त्या बाईंनी समजावल्यावर मला माझीच लाज वाटली.

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळणं असतात. त्यांत आवाज टिपणाऱ्या बारीक केसपेशी असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी, आणि वयानं किंवा गोंगाटानं आधी त्याच मरतात. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. आता गंमत बघा, आ, ऊ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत आणि दमदार. स, श, फ, थ ही व्यंजनं मात्र दुबळी, 'स'ची खरी ओळख तर साधारण 4000 हर्ट्झच्या वर. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे अप्पांना पक्कं कळतं, पण शब्दाचा कणाच गळून पडतो. सूनचं ऊन होतं, सातचं आठ होतं. शांत खोलीत मेंदू संदर्भावरून गाळलेली जागा भरतो. बँडच्या आवाजात त्याला तेवढी उसंतच मिळत नाही, कारण वयाबरोबर आवाजातून आवाज वेगळा काढायचं मेंदूचं कामही मंदावतं. म्हणून काहींची आवाजबंद खोलीतली तपासणी बरी येते आणि तरी पंगतीत ते हरवतात.

अप्पांचं नुसतं वय नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीस वर्षं त्यांनी चादरीचे लूम चालवले. आठ तासांसाठी 85 डेसिबल ही धोक्याची रेघ मानतात, आणि लूमच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. तिथं सगळे खाणाखुणांनीच बोलायचे. कानात घालायला कुणी कधी काही दिलं नाही. घराघरात ज्या चादरी आपण पांघरतो, त्या विणणाऱ्यांच्या कानांची चौकशी कोण करतं? आणि आता मिरवणुकीतल्या डीजेपुढे विशीची पोरं छाती काढून नाचतात, त्यांच्याही केसपेशी तेवढ्याच नाजूक आहेत.

आपण करतो काय, तर ओरडतो. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, 'स' तसाच दुबळा राहतो. शिवाय अशा कानांना मोठा आवाज एकदम टोचतो, म्हणून "ओरडू नको" असं अप्पा चिडून म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे. आधी नाव घेऊन हाक मारावी, तोंड दिसेल असं समोर बसावं, आणि नाही कळलं तर तेच वाक्य रेटण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगावं. कानाच्या मशीनचा उपयोग होतो, पण ते गोंगाटही वाढवतं. सवय व्हायला आठवडे लागतात, सेटिंगसाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं. चार दिवसांत कपाटात टाकून "पैसे वाया गेले" म्हणणं म्हणजे घाई. आणि आधी दोन्ही कान तपासा. ऐकू न येणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसतो, त्यामुळे हे "वयच झालं" म्हणून सोडायचं काम नाही.

वहिनीला मी ऊन आणि सून समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. रात्री जेवताना तिनं उठून टीव्ही बंद केला, मग कूलर. अप्पांच्या समोर बसली आणि म्हणाली, "अप्पा, भाकरी वाढू का अजून?"

"भाकरी नको," अप्पा म्हणाले, "शेंगा चटणी दे थोडी. आणि तू कधी जेवणार?"