ॲव्हरेजसाठी वाट्टेल ते

पैसे वाचवायचे असं एकदा ठरलं, की खर्चाकडे बघू नये. डिझेल गाडी घ्यायला निघालेल्या माणसाने एवढी खूणगाठ आधी मारून ठेवावी. पेट्रोलची गाडी कोणीही घेतं, आवडली की घेतली. डिझेलवाला मात्र हिशेबी. चारचौघांत त्याचा तसा लौकिक असतो आणि तो त्याला जपायचा असतो. हिशेबी माणसाला गंडवणं फार सोपं जातं, कारण त्याचा डोळा एकाच आकड्यावर असतो आणि बाकीचे आकडे त्याच्या पाठीमागून निघून जातात. ऐकीव सांगत नाही. माझ्या दाराशी उभी आहे ती गाडी.

तर शोरूममध्ये शिरताच पहिला प्रश्न टाका : ॲव्हरेज किती देते? या प्रश्नाने सेल्समनचा जीव भांड्यात पडतो. आता किंमत, सर्व्हिसिंग, वर्षाकाठी तुमचं रनिंग किती, या वाटेला तुम्ही जाणार नाही याची त्याला खात्री पटते. तो जो आकडा सांगेल त्यात दशांश चिन्ह असेल. दशांश चिन्ह असलेल्या आकड्यावर अविश्वास दाखवू नये, ते असंस्कृतपणाचं लक्षण आहे. हे कुठे मोजलं, असंही विचारू नका. प्रयोगशाळेत मोजलेलं असतं, रोलरवर. युरोपात 2017 पर्यंत जी ठरलेली चाचणी होती तिच्यात गाडी वीसेक मिनिटांत 11 किलोमीटर 'जायची', तीसुद्धा जागच्या जागी आणि एसी बंद ठेवून. वारा नाही, चढ नाही, मागच्या सीटवर सासरची मंडळी नाहीत. पुढे चाचणी कडक झाली, पण रोलर काही सुटला नाही. शिवाय परीक्षा चालू आहे हे गाडीला कळतं, हा इतिहास आहे. 2015 साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर सापडलं, की चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर सोज्वळ करायचं आणि रस्त्यावर आलं की पुन्हा मूळ स्वभावावर जायचं. जगभरात अशा 1 कोटी 10 लाख गाड्या असल्याचं कंपनीनेच कबूल केलं. पाहुण्यांसमोर नीट वागावं ही शिकवण आपण मुलांना देतोच की.

आकडा मिळाला की तो जुन्या गाडीच्या आकड्याशी ताडून पाहा आणि फरकावर खूश व्हा. इथे एक धोका आहे, तो टाळा. ड्यूक विद्यापीठातले रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी 2008 साली 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत एक लेख लिहून आपल्यासारख्यांच्या आनंदावर पाणी ओतलेलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की लिटरमागे किती अंतर, हा आकडा माणसाला फसवतो. अंतरामागे किती लिटर, ते बघा. म्हणजे 10 चं ॲव्हरेज देणारी गाडी विकून 12 चं देणारी घेतली, तर शंभर किलोमीटरमागे दीड लिटरहून जास्त इंधन वाचतं. आणि 20 वरून थेट 25 वर उडी मारली, तर वाचतं एकच लिटर. पाचाची उडी दोनाच्या उडीपेक्षा लहान! असलं गणित डोक्यात घेऊन शोरूममध्ये गेलात तर तुम्ही गाडी घेणारच नाही, आणि मग एवढे आवरून आलात कशाला?

याहून वाईट गणित दुसरंच आहे, तेही सांगून टाकतो, म्हणजे चुकूनसुद्धा मांडणार नाही. डिझेल मॉडेल त्याच गाडीच्या पेट्रोल मॉडेलपेक्षा महाग असतं. ही जास्तीची रक्कम पैशांत न धरता लिटरमध्ये धरायची. समजा तेवढ्यात 1,500 लिटर इंधन आलं असतं. पेट्रोलवाली 16 देते, डिझेलवाली 20. म्हणजे शंभर किलोमीटरमागे सव्वा लिटर वाचलं. दोन्ही इंधनांचा भाव सारखा धरला, तर ते 1,500 लिटर वसूल व्हायला 1,20,000 किलोमीटर गाडी चालवायला हवी. भावात फरक असेल तसा आकडा मागेपुढे होईल, पण वर्षाला 8,000 किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला हा हिशेब पंधरा वर्षं पुरतो. पंधराव्या वर्षानंतर निव्वळ फायदा. तोवर गाडी आणि आपण, दोघांनी धीर धरायचा. ज्याची गाडी रोज लांब पल्ल्यावर धावते त्याचे हे पैसे दोन-तीन वर्षांत फिटतात, पण तो माणूस ॲव्हरेजवर भाषणं देत नाही. त्याला वेळ नसतो.

टेस्ट ड्राइव्हविषयी थोडक्यात. गाडी तुम्ही पोहोचायच्या आधीच चालू करून ठेवलेली असते. बॉनेटवर हात ठेवून पाहू नका, कोमट लागेल. थंड डिझेल इंजिन सकाळी सुरू होताना जे कडकड बोलतं ते तुमच्या कानी पडू नये एवढ्यासाठी बिचाऱ्यांनी तसदी घेतलेली असते, तिचा मान ठेवा. रस्ता तेच सांगतील, सरळ आणि मोकळा. तुमच्या रोजच्या वाटेवरचा तो चढ, ती पार्किंगची गल्ली, तो खड्डा, असा हट्ट धरू नये. बाजूला बसलेला मुलगा बरोबर वेळेवर गाणी लावेल. "साउंड कसा आहे सर?" स्पीकरविषयी विचारतोय तो. छान म्हणा.

आता घासाघीस. इथे मात्र घाई नको, कारण आपण व्यवहारात पक्के आहोत हे सिद्ध करायची जागा हीच.

सर्वांत आधी आपलं बजेट सांगून टाका. त्याने विचारलं नसेल तरी सांगा. मोकळेपणा असावा माणसाकडे. मग रंग आवडल्याचं मोठ्याने बोला, घरच्यांच्या आनंदाचे फोटो काढा, जुनी गाडी पुढच्या आठवड्यात देऊन टाकणार आहोत असं सहज कानावर घाला. बाकी चार डीलरांकडे जाऊन आकडे लेखी मागणं, पत्र्याच्या पट्टीवर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते वाचणं, मागच्या वर्षी बनून यार्डात उभी असलेली गाडी किंवा डेमो गाडी कितीला देता म्हणून चौकशी करणं, महिनाअखेरीला, टार्गेट भरायला दोन गाड्या कमी पडत असताना तिथे टपकणं, हे सगळं कोत्या मनाचं काम. आपण एक तारखेला जावं. सेल्समनही ताजातवाना असतो आणि त्याला कसलीच गरज नसते.

नवी गाडी, जुन्या गाडीचा एक्स्चेंज आणि कर्ज, या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर घ्या. वेगवेगळ्या बोललात तर प्रत्येकीची किंमत दिसते आणि माणूस उगाच अस्वस्थ होतो. एकत्र केलं की जुन्या गाडीला 'सगळ्यांपेक्षा जास्त' भाव मिळतो, आणि तो नव्या गाडीच्या सवलतीतून आला की कर्जाच्या दरातून, हे शोधायला अकाउंटंट लागतो. त्या कागदावर सेल्समन बारीक अक्षरात पाच-सहा आकडे लिहील आणि त्यातल्या एकाभोवती निळ्या पेनाने गोल काढेल. तो महिन्याचा हप्ता. गोलाच्या बाहेर बघू नका.

आमच्याकडे इथे जरा गडबड झाली. मुलगी बरोबर होती, नववीतली. तिने फोनवर काहीतरी बडवलं आणि म्हणाली, "बाबा, महिन्याला किती ते नको, एकूण किती ते विचार ना." शांतता पसरली. सेल्समन हसला, मी त्याहून हसलो. "अगं, मोठ्यांचं बोलणं चालू आहे," असं म्हणून प्रसंग सावरला. मुलांना शोरूममध्ये नेऊ नये.

हप्ता जड वाटतो असं तुम्ही म्हणालात, की तो लगेच हलका करून मिळतो. तीन वर्षांचे सात वर्षं केले की झालं. 10 टक्के दराने शंभराच्या कर्जावर तीन वर्षांत सोळा व्याज जातं, सात वर्षांत एकोणचाळीस. पण हप्ता निम्मा होतो ना! इंधनात वर्षाला शंभर लिटर वाचवणाऱ्या माणसाने व्याजाकडे बघणं बरं दिसत नाही. खुद्द रुडॉल्फ डिझेलचं उदाहरण घ्या. 1897 साली त्याचं इंजिन इंधनातल्या उष्णतेपैकी सव्वीस टक्के कामाला लावत होतं. त्या काळची वाफेची यंत्रं दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळायची. एवढा काटकसरी माणूस जगात दुसरा नव्हता. 1913 साली अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो रात्रीतून नाहीसा झाला, तेव्हा मागे राहिलं ते मुख्यतः कर्ज. परंपरा थोर आहे, एवढंच म्हणतो.

सवलत मागितलीत की सेल्समन म्हणेल, "सर, माझ्या हातात असतं तर फुकट दिली असती. मॅनेजरसाहेबांना विचारतो." तो काचेच्या केबिनमध्ये जातो. काचेतून सगळं दिसतं. मी पाहत होतो : मॅनेजर मोबाइल खालीवर करत होता, आमचा सेल्समन खुर्चीच्या पाठीला टेकून उभा, दोघं कशावर तरी हसले, मग घड्याळ पाहिलं. सहा मिनिटांनी बाहेर येताना त्याने चेहरा असा केला होता, की आतून जणू रक्त सांडून आलाय. "सर, तुमच्यासाठी भांडलो. पण आजच बुकिंग केलंत तर." मला भरून आलं. आपल्यासाठी कोण भांडतं हल्ली?

किंमत जागची हलली नव्हती हे नंतर कळलं, पण त्याने काय होतं? तोवर मी मॅट्सचा मुद्दा काढला होता. मॅट्स फुकट पाहिजेत म्हणजे पाहिजेत. तो नाही म्हणाला, मी उठलो, त्याने बसवलं, मी पुन्हा उठलो. अर्धा तास चाललं हे. शेवटी मॅनेजर स्वतः बाहेर आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्यापुढे कोणाचं चालायचं नाही." मॅट्स मिळाल्या. मेव्हण्याला फोन करून सांगितलं. त्याने स्वतःच्या वेळी मॅट्सचे पैसे भरले होते, म्हणून तो जरा गप्पच झाला.

त्या विजयाच्या धुंदीत पुढच्या सह्या पटापट होतात, आणि व्हाव्यात. पेंट प्रोटेक्शन, म्हणजे रंगाला लावायचा रंगासारखा न दिसणारा रंग. वाढीव वॉरंटी. विमा त्यांच्याकडूनच, बाहेर भाव विचारायला वेळ कोणाला? हँडलिंग चार्जेस, म्हणजे गाडी हाताळल्याबद्दल, पण ती हाताळल्याशिवाय विकायची कशी होती हे विचारू नये. टायरमध्ये नायट्रोजन. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच, पण उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी मागेपुढे पाहणारे आपण नव्हे.

गाडी घरी आली. माझं ऑफिस चार किलोमीटरवर. डिझेल गाडीच्या धुराड्यात एक फिल्टर असतो, काजळी धरून ठेवणारा. काजळी साठली की इंजिन जास्तीचं डिझेल फवारून त्याला सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि ती जाळून टाकतं. त्यासाठी गाडी बराच वेळ दमाने पळायला लागते. चार किलोमीटरमध्ये धुराडं धड कोमट होत नाही. हे कागदपत्रांतल्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. त्या शोरूममध्ये कोणी बोललं नाही, आणि मीही ॲव्हरेजपलीकडे काही विचारलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मेकॅनिकने रनिंग विचारलं, मी सांगितलं. तो माझ्याकडे डॉक्टर पाहतात तसा पाहत राहिला. "रविवारी हायवेला काढत जा साहेब. अर्धा तास, तिसऱ्या-चौथ्या गिअरला, आरपीएम जरा चढे ठेवून. नाहीतर फिल्टर बदलायला लागेल." फिल्टरची किंमत त्याने सांगितली. ती मी घरी सांगितलेली नाही.

तेव्हापासून इंधन वाचवण्यासाठी घेतलेली गाडी घेऊन मी दर रविवारी सकाळी काही काम नसताना पन्नास किलोमीटर हिंडून येतो. "कुठे निघालात?" असं बायको पहिल्या दोन-तीन वेळा विचारायची. "फिल्टर जाळायला," म्हटलं की दार लावून घ्यायची. मुलगी नुसतीच फोनचा कॅल्क्युलेटर उघडून दाखवते. जाताना रस्ता मोकळा असतो, गाडी खरंच सुंदर पळते, आणि पडद्यावर ॲव्हरेजचा आकडा चढत चढत जवळजवळ त्या दशांश चिन्हवाल्या आकड्यापर्यंत पोहोचतो. मी फोटो काढून मेव्हण्याला पाठवतो. मग फिल्टर जळायला लागला की आकडा पुन्हा खाली येतो, तो फोटो पाठवत नाही.

मॅट्स मात्र उत्तम निघाल्या. अजून वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.