मी गड्ड्यात हरवलो होतो (बहुतेक)

सेकंड इयरला मराठी घेतलं कारण सगळे म्हणाले, आपलीच भाषा आहे बे, त्यात वाचायचं काय. आणि पहिल्याच महिन्यात सरांनी सांगितलं, दोन-तीन आत्मचरित्रं वाचा आणि मग स्वतःच्या लहानपणीची एक आठवण लिहून आणा, पाच पानं. पाच पानं! माझं अख्खं लहानपण सोलापुरात, विडी घरकुल ते सात रस्ता एवढ्यात आटोपलंय, एक पान भरलं तरी लै झालं.

वाचायला वेळ मात्र भरपूर होता कारण आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, ते पण रात्री कधी येईल नेम नाही, मग कोणीतरी जागं राहायचं, आणि त्या महिन्यापासून ते कोणीतरी म्हणजे मी, कारण "तसं पण पुस्तकच वाचतोय ना तो." पिंपाशेजारी प्लास्टिकची खुर्ची, अंगाला ओडोमास, हातात लायब्ररीचं पुस्तक.

पहिलं हातात आलं गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. हे मूळचे वरसईचे, पेणजवळचे, घरात कर्ज झालेलं म्हणून चार पैसे दक्षिणा मिळेल या हिशोबानं उत्तरेकडं निघाले आणि वर्ष कुठलं निवडलं तर 1857. म्हणजे आमच्या काकाचं टायमिंग खराब असं सगळे म्हणतात (त्यानं कॅसेटचं दुकान टाकलं तेव्हा सीडी आली), पण हे म्हणजे कळस. थेट बंडात सापडले, झाशीत लढाई डोळ्यानं बघितली, लुटले गेले, आणि एवढं होऊन शेवटी आईवडलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी. मी एवढ्या लांबून आलो असतो तर पाण्याची बाटली पण उचलली नसती. पण मला खरा धक्का वेगळाच बसला. हे सगळं त्यांनी लिहिलंय 1883 च्या सुमाराला, म्हणजे पंचवीसेक वर्षांनी! मला काल डब्यात काय होतं ते सांगता येत नाही. (शेंगाचटणी आणि कडक भाकरी असणार, रोज तेच असतं, म्हणजे ते पण आठवून नाही, अंदाजानं.)

मग लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. पुस्तक जाड बघून पोटात गोळा आला पण ह्या बाई बोलतात कशा तर समोर बसून शेंगा फोडत बोलल्यासारखं, आणि जास्त करून हसतात स्वतःलाच. त्यांचे वडील इतके कडक सोवळ्यातले की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. हे मी आजीला वाचून दाखवलं. आजीनं उभी हयात विड्या वळल्यात, अजून पण नुसती बसली तरी बोटं हलतात. ती म्हणाली, "धू म्हणावं. हितं येऊन धू म्हणावं, सोलापुरात. दोन घागरीत."

तिसरं शरणकुमार लिंबाळेंचं 'अक्करमाशी', ते घेऊन मी अक्कलकोटच्या एसटीत बसलो, मावशीकडं चाललेलो. पुस्तकातलं हन्नूर त्याच तालुक्यातलं. भुकेबद्दल वाचत होतो आणि शेजारच्या माणसानं चिवड्याचा पुडा पुढं केला तर मला हात घालवेना. त्याच्यावर मी इथं गंमत करणार नाही.

आता माझी पाच पानं. माझ्याकडं एकच भारी आठवण होती, गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत हरवल्याची. संक्रांतीची गर्दी, आकाशपाळणा, माझ्या हातात लाल पिपाणी, मी रडतोय आणि कोणीतरी अनोळखी माणसानं मला खांद्यावर घेतलंय. एकदम क्लिअर. तरी पण गोडसे भटजींचा आदर्श समोर होता म्हणून म्हटलं घरी व्हेरिफाय करून घेऊ, तीच चूक झाली. आई म्हणाली, तू कधीच हरवला नाहीस, मी हात सोडला असता का? आत्या म्हणाली हरवला तो माझा पोरगा, आणि तुझ्या आईमुळंच हरवला. ते प्रकरण अर्धा तास चाललं, अजून पूर्ण मिटलेलं नाही. पप्पा म्हणाले, त्या वर्षी आपण गड्ड्याला गेलोच नव्हतो, माग बंद होते, पैसे कुठं होते.

आजी सगळ्यांचं संपेपर्यंत गप्प बसली आणि मग म्हणाली, "हरवला तो ह्यो." बोट पप्पांकडं. "पाच वर्साचा होता. लाल पिपाणी घिऊन."

म्हणजे लहानपणी आजीनं झोपवताना इतक्यांदा सांगितलेली गोष्ट मी माझीच समजून वागवत होतो! माझ्याकडं होती नव्हती ती एक आठवण, ती पण बापाची. पप्पा तर "काय पण बोलते आई, मी कुठं हरवलो" म्हणून उठून शर्ट घालून बाहेरच गेले.

सबमिशन परवावर आलेलं, दुसरं काही नव्हतं, मी तीच लिहिली. 'मी' लावून. सरांनी खाली शेरा मारला, "स्वानुभवाचा जिवंतपणा जाणवतो", दहापैकी आठ. मी वही टीव्हीवर ठेवली आणि विसरलो.

रात्री पिंपापाशी बसलेलो तर पप्पा आले, हातात वही, चष्मा कपाळावर. बराच वेळ नुसते उभे.

"आकाशपाळण्यापाशी नाही बे," म्हणाले, "पोलीस चौकीत बसवलेलं मला. बिस्कीट दिलते." आणि मग दाराकडं बघत, "पिपाणी हिरवी होती."

मी पेन शोधतोय तोवर नळानं फुसफुस केली आणि पप्पा ओरडले, पाईप लाव पाईप, आला बघ!